आमिष कशास म्हणावें?

मक्याची कापणी झाल्यावर कांहीं दाणे शेतांत सांडून राहतात. ते टिपावयास हरीण आलें आणि बांधाआड बसलेल्या शिकाऱ्यानें त्यास गोळी घातली, तर अमेरिकेंतील मिशिगन संस्थानाच्या नियमांप्रमाणें त्यानें आमिष वापरलें असें होत नाहीं. तेच दाणे त्यानें पिशवींतून आणून तेथें ओतले असते, तर मात्र तें आमिष ठरलें असतें. दाणा तोच, हरीण तेंच, बंदूकहि तीच. मग कायद्यास भेद दिसतो तो कोठें? या प्रश्नाचें उत्तर अमेरिकेंतील मृगयेच्या इतिहासांत सांपडतें.

एकोणिसाव्या शतकांत मांस व कातडीं बाजारांत विकण्यासाठीं तेथें हरणांची बेसुमार कत्तल झाली. कित्येक प्रांतांतून हरीण जवळजवळ नाहींसें झालें. थिओडोर रूझवेल्ट व त्यांचे स्नेही यांनीं १८८७ सालीं स्थापिलेल्या बून आणि क्रॉकेट क्लबानें असा दंडक पुरस्कारिला कीं, जनावरास निसटून जाण्याची वाजवी संधि मिळाली पाहिजे. १९३५ सालीं, बदकांची संख्या फार घटली असतां, मध्यवर्ती सरकारनें धान्य टाकून पाणपक्षी मारण्यास मनाई केली. हरणांविषयींचे नियम मात्र प्रत्येक संस्थानानें आपापले केले. त्यामुळें एके ठिकाणीं जें मान्य, तें शेजारीं अपराध, अशी स्थिति झाली.

मिशिगनमध्यें गाजरें, बीट, सफरचंदें व मका यांचे ढीग घालून हरणांची वाट पाहण्याची चाल रूढ होती. १९९४ सालीं अल्पीना परगण्यांत मारलेल्या एका हरणास गुरांचा क्षयरोग जडल्याचें आढळलें. पुढील तपासांत तो रानांतील इतर हरणांतहि दिसून आला. एरवीं विखुरून चरणारीं हरणें ढिगापाशीं तोंडास तोंड लावून खातात व एकाची लाळ दुसऱ्याच्या घासास लागते. मेंदू पोखरून हरणास झिजवीत मारणारा दुसरा एक रोग १९६७ सालीं कोलोरॅडोंत प्रथम दिसला होता. त्याचें दूषित प्रथिन लाळ व मलमूत्र यांवाटे मातींत उतरतें आणि वर्षानुवर्षें टिकतें. त्यावर औषध नाहीं. २००८ सालीं मिशिगनमधील एका पाळीव हरणांत हा रोग सांपडतांच संस्थानाच्या दक्षिणेकडील सबंध द्वीपकल्पांत आमिषास बंदी झाली. २०११ सालीं ती बव्हंशीं उठली, परंतु २ गॅलनांहून अधिक खाद्य नको व तेंहि १० फूट लांब-रुंद जागेवर पसरलेलें हवें, अशी अट पडली. २०१९ च्या आरंभीं बंदी पुनः आली. न्यायबुद्धीनें प्रथम मांडलेला प्रश्न असा आतां रोगप्रतिबंधाचा झाला.

व्याख्या मात्र नाजुकच राहिली. धान्य, मीठ, फळें, भाज्या, वाळलें गवत, हें सारें भुलविण्यासाठीं ठेविल्यास आमिष. पण उभें पीक, पेरणी-कापणींत सांडलेले दाणे, गुरें खात असलेली वैरण, इतकेंच नव्हे तर वन्य प्राण्यांसाठीं मुद्दाम केलेली लागवड, हीं आमिष नव्हेत. म्हणजे ज्याची स्वतःची जमीन आहे त्यानें हरणांसाठींच पीक पेरून कडेस माळा बांधला तरी तो निर्दोष, आणि भूमिहीन मजुरानें बंदीच्या मुलखांत गाजरांची एक पिशवी नेली तर तो अपराधी! पेरलेलें खाद्य पसरलेलें असतें, हें उत्तर रोगापुरतें खरें आहे. न्यायापुरतें तें अपुरें पडतें.

आपल्या देशांतील १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यानें या प्रश्नाकडे निराळ्या बाजूनें पाहिलें. त्या वेळीं परवान्यानें कांहीं शिकार करतां येत असे. तथापि प्राणी मीठ चाटावयास येतात त्या जागीं, पाणवठ्यावर व तिकडील वाटेवर शिकार करण्यास १७ व्या कलमान्वयें मनाई होती. अपवाद होता तो पखुर्ड्यांचा व पाणपक्ष्यांचा. तें मीठ व तें पाणी बहुधा निसर्गाचेंच. तेथें कोणी कांहीं टाकलें कीं नाहीं, याची कलमास पर्वा नव्हती. १९९१ सालीं परवान्याचीं कलमेंच वगळलीं गेलीं, आणि २००२ च्या दुरुस्तीनें आमिष दाखविणें हेंहि शिकारीच्या व्याख्येंत आलें.

दाणा कोणी टाकला, असें मिशिगनचा नियम विचारतो. प्राणी येथें कां आला, असें आपलें जुनें कलम विचारीत होतें. पहिल्या प्रश्नास पुरावा लागतो व त्यांतून पळवाटाहि निघतात. दुसऱ्याचें उत्तर भूक किंवा तहान हेंच असतें, आणि त्यांतून कोणत्याहि जमीनदारास पळवाट नाहीं.