मस्तगडातले जहाज

जालन्याच्या मस्तगड भागाचा समुद्राशी काहीही संबंध नाही. आसफजाहाच्या काळात, १७२५ साली काबिलखानाने बांधलेली गढी, तिच्या भोवतीची जुनी वस्ती आणि जवळून वाहणारी कुंडलिका नदी, एवढाच या भागाचा भूगोल. मुंबई इथून सुमारे चारशे किलोमीटरांवर आहे. अशा ठिकाणी, लोखंडाच्या दुकानातले हिशेब संपवून घरी आल्यावर, गेली तीन वर्षे मी शिडाच्या एका युद्धनौकेची लाकडी प्रतिकृती बांधत होतो. ती आता पूर्ण झाली आहे. घरी येणारे तिला निरखून पाहतात, डोलकाठ्या मोजतात आणि मग नाव विचारतात. मी ‘वेलस्ली’ म्हणतो, आणि ज्यांना जालन्याचा इतिहास थोडाफार ठाऊक आहे ते लगेच पुढचा प्रश्न करतात, ‘ज्याने आपल्याला हरवले त्याचे नाव घरात कशाला?’

प्रश्न रास्त आहे. हा लेख म्हणजे त्याचे उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न.

प्रथम आपल्या बाजूची हकिकत. १८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला. त्याचा सहकारी कर्नल स्टीव्हन्सन याने २ सप्टेंबरला शिंद्यांच्या ताब्यातले जालना घेतले. पुढे तीनच आठवड्यांनी, २३ सप्टेंबरला, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ केळणा नदीच्या काठी वेलस्लीने दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांवर हल्ला केला. शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा अखेरपर्यंत सोडल्या नाहीत. वेलस्लीच्या लहानशा सैन्यातले दीड हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. तरी विजय त्याचाच झाला, आणि पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेल्या या माणसाची कीर्ती आमच्या काळ्या मातीतून सुरू झाली.

असईवर मी वीस वर्षे वाचत आणि टिपणे काढत आलो. पदवी वाणिज्य शाखेची, इतिहासाचे शिक्षण नाही. त्यामुळे वाचन कुठूनही कुठेही जाते. तसेच एकदा ते मुंबईच्या गोदीत गेले. असईनंतर सुमारे साडेअकरा वर्षांनी, २४ फेब्रुवारी १८१५ रोजी, मुंबईत ७४ तोफांचे एक जहाज पाण्यात उतरले. त्याचे नाव ‘वेलस्ली’. वॉटर्लूची लढाई अजून चार महिने पुढे होती. जहाज होते इंग्रज आरमाराचे, बांधणारे जमशेटजी बोमनजी वाडिया आणि लाकूड हिंदुस्थानी सागवानाचे.

जमशेटजींचे आजोबा लवजी नसरवानजी १७३६ च्या सुमारास सुरतेहून मुंबईत आले आणि गोदीचे मुख्य बांधणीकार झाले. ते काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराण्यात राहिले. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांत इंग्लंडला ओकचे लाकूड पुरेना, तेव्हा आरमाराने मुंबईकडे नजर वळवली. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे खाल्ले जातात. सागवान तेलकट असल्याने खिळा टिकतो, आणि समुद्रातल्या किडीलाही ते सहज दाद देत नाही. ही माहिती मी पुस्तकांतून टिपून ठेवली होती. सागवान म्हणजे काय हे कळले ते पुढे.

‘वेलस्ली’चा तयार संच मला कुठे मिळाला नाही. त्याच काळातल्या ७४ तोफांच्या इंग्रजी जहाजाचा एक परदेशी संच मात्र मिळाला, तोही माझ्या दोन पगारांच्या किमतीला. प्रमाण एकास बहात्तर. मूळ जहाजाचा तोफमजला १७६ फुटांचा, म्हणजे प्रतिकृतीत तो पाऊण मीटरच्या आत-बाहेर येतो. पेटीत प्लायवुडचा कणा, त्याच्या खाचांत बसणाऱ्या आडव्या फळ्या, लाकडी पट्ट्यांच्या जुड्या, पितळी खिळे, तोफा आणि घडी घातलेले मोठे नकाशे होते. नकाशांवर क्रमांक होते. एक क्रमांक मात्र नव्हता. जहाजाच्या मागच्या भागाचा, म्हणजे वराम्याचा, नकाशा पेटीत टाकायचा राहून गेला होता. पत्रे पाठवली, उत्तर आले नाही.

नकाशाची अडचण पुढची होती, पहिली चूक माझ्या हातची. सांगाडा उभा राहिल्यावर त्यावर पट्ट्यांचा पहिला थर चढवायचा असतो. डाव्या बाजूच्या सात पट्ट्या मी एका रविवारी उत्साहात लावून टाकल्या. सोमवारी सकाळी पाहिले तर कणा केळीच्या फण्यासारखा वाकलेला. गल्लीतल्या सुतारमामांना दाखवला. सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर दारे-खिडक्या आणि बैलगाड्या केलेले गृहस्थ. त्यांनी जहाज हातात धरून एका डोळ्याने कण्याची रेघ पाहिली. म्हणाले, ‘भाऊ, एकाच अंगानं ओढत गेलात, मग वाकंल नाही तर काय? एक हिकडं, एक तिकडं लावायची.’ मग कढत पाण्याच्या फडक्याने फेविकॉल सैल करून त्यांनी सातही पट्ट्या सोडवल्या.

त्यानंतर ते रोज संध्याकाळी येऊ लागले. जहाजाचे पोट मध्ये फुगीर आणि टोकाला अरुंद असते. सगळ्या पट्ट्या एकाच रुंदीच्या ठेवल्या तर नाळेपाशी त्यांना जागा पुरत नाही. म्हणून प्रत्येक पट्टी टोकाकडे रंधून निमुळती करावी लागते, आणि किती करायची ते त्या जागी मोजल्याशिवाय समजत नाही. पातेल्यातल्या वाफेवर पट्टी मऊ करून हाताने वळवायची. मोठ्या गोदीतही जाड फळ्या वाफवूनच वळवत असत. स्वयंपाकघरातले एक पातेले आमच्या घरी कायमचे गोदीच्या मालकीचे झाले, आणि त्याबद्दल बायकोने मला पुरते माफ केले आहे असे अजून म्हणता येत नाही.

बाहेरचा दुसरा थर संचात अक्रोडाच्या लाकडाचा होता. तो मी वापरला नाही. मस्तगडातलाच एक जुना वाडा पाडला जात होता, त्याच्या दाराची सागवानी चौकट विकत घेतली. मामांनी तिच्यातून कागदाच्या पुठ्ठ्याएवढ्या पातळ पट्ट्या काढल्या. काढताना चार पाती बोथट झाली. ‘सागवान धार खातं’, ते म्हणाले. शंभर वर्षांची चौकट, पण करवत लागताच तेलकट वास खोलीभर पसरला. ते तेल खिळ्याला कसे राखते हे त्या दिवशी पटले.

वराम्यापाशी येऊन आम्ही अडलो. नकाशा नव्हता. मामांनी एक लवचीक कामटी घेतली आणि शेवटच्या चार आडव्या फळ्यांवरून ती मागे ओढत नेली. कामटी जशी आपोआप वळली तशी रेघ त्यांनी जाड कागदावर पेन्सिलीने उतरवून घेतली, कागद कापला, उलटा करून दुसऱ्या बाजूला लावून पाहिला. दोन्ही बाजू जुळल्या. त्यांना जहाजाची काहीच माहिती नव्हती, आणि त्या वेळी ती लागलीही नाही.

याच सुमारास ‘वेलस्ली’च्या बांधणीचा एक तपशील माझ्या वाचनात आला. हे जहाज मुळात वेगळ्या आराखड्यावर बांधायचे ठरले होते. तो आराखडा इंग्लंडहून ‘जावा’ नावाच्या युद्धनौकेतून निघाला. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ला हरवले आणि आराखडे गेले. मुंबईत तेव्हा ‘कॉर्नवॉलिस’ हे ७४ तोफांचे जहाज १८१३ साली नुकतेच पाण्यात उतरले होते. ‘वेलस्ली’ त्याच्या आकारावर बांधले गेले.

इतिहासाच्या पुस्तकात ही एक ओळ आहे, आणि वराम्याशी झगडण्यापूर्वी मी ती वाचून पुढे गेलो असतो. आता तसे जमले नाही. त्या काळच्या गोदीत आराखड्यावरून जमिनीवर पूर्ण मापाच्या रेषा आखत, त्यांवरून पातळ फळ्यांचे फर्मे कापत आणि फर्म्यांवरून लाकूड. एकदा एक जहाज बांधून झाले की त्याचा आकार कागदावरून निघून बांधणाऱ्यांच्या हातात आलेला असतो. लंडनचा कागद समुद्रात गेला तरी मुंबईत काम थांबले नाही, ते यामुळे. साम्राज्याचे हुकूम लंडनहून येत होते, पण ऐन अडचणीत उपयोगी पडले ते गोदीतले ज्ञान.

इथे लेख संपवून अभिमानाने टाळी घ्यावी, असा मोह मला झाला होता. तसा मसुदाही लिहिला होता. तो बाजूला ठेवला, कारण जहाजाचा पुढचा प्रवास तसे करू देत नाही. फेब्रुवारी १८३९ मध्ये ‘वेलस्ली’ने मनोऱ्याच्या किल्ल्यावर तोफा डागल्या आणि कराची इंग्रजांच्या हाती आली. १८४० मध्ये ते पहिल्या अफूच्या युद्धात चीनच्या किनाऱ्यावर होते. २९ ऑगस्ट १८४२ चा नानकिंगचा तह झाला तो ‘कॉर्नवॉलिस’वर, म्हणजे ज्याच्या आकारावर ‘वेलस्ली’ बेतले त्याच मुंबईच्या जहाजावर. आपल्या भूमीतले उत्तम लाकूड आणि उत्तम कसब दुसऱ्यांच्या भूमी जिंकायला गेले. कौशल्य निर्विवाद होते, ते कोणाच्या कामी आले हेही निर्विवाद आहे. दोन्ही वाक्ये एकाच लेखात लिहिता आली पाहिजेत.

सागवानाने मात्र आपला शब्द पाळला. १८६८ मध्ये ‘कॉर्नवॉल’ या नव्या नावाने हे जहाज थेम्स नदीत मुलांच्या सुधारगृहाचे घर झाले. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन विमानहल्ल्यात त्याला मोठी इजा झाली आणि ते बुडाले. सव्वाशे वर्षांच्या या लाकडाला बुडवायला विमान यावे लागले. १९४८ मध्ये ते वर काढून मोडण्यात आले, त्यातले काही लाकूड लंडनच्या उच्च न्यायालयाच्या इमारतीच्या दुरुस्तीत गेले. नाळेवरचा वेलस्लीचा कोरीव मुखवटा चॅथमच्या जुन्या गोदीत जपला आहे.

माझ्या संचात नाळेवर धातूचा सिंह होता. त्याच्या जागी चौकटीच्या उरलेल्या तुकड्यातून वेलस्लीचा चेहरा कोरायचा होता. चित्र पाहून मामा म्हणाले, ‘नाक लई मोठं दिसतंय.’ त्या नाकाची त्याच्या हयातीतही चर्चा होत असे. मामांनी दोन संध्याकाळी खपून ते नाक काढले. हा माणूस कोण, ते मी सांगितले. असईला त्यांची बहीण दिली आहे. ते थोडा वेळ पटाशी फिरवत राहिले आणि म्हणाले, ‘जहाज त्यानं थोडंच बांधलं.’

घरात नाव कशाला, या प्रश्नावर मला याहून नेमके उत्तर सुचलेले नाही. नाव पुसले तर असईही पुसली जाते, गोदीही पुसली जाते. म्हणून नाव आहे तसे ठेवले, पितळी पट्टीवर मात्र एक ओळ वाढवली: ‘वेलस्ली. मुंबई गोदी, १८१५. बांधणी जमशेटजी बोमनजी वाडिया आणि गोदीतले कारागीर.’

जमशेटजींविषयी एक आख्यायिका आहे. १८०० सालच्या, ‘कॉर्नवॉलिस’ याच नावाच्या आधीच्या एका जहाजाच्या पोटात, सहसा कोणी पाहणार नाही अशा जागी, हे जहाज एका काळ्या माणसाने बांधले आहे, असे त्यांनी कोरून ठेवले होते म्हणतात, आणि त्या काळ्या माणसाला साहेबी शिवीचे विशेषणही लावले होते. ही गोष्ट वाचली तेव्हा मला आठवले की पहिल्या थराची शेवटची पट्टी लावण्याआधी मामांनी माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली होती. दाराच्या चौकटीच्या भिंतीकडच्या अंगाला सुतार लिहितात तसे त्यांनी आत काहीतरी लिहिले आणि पट्टी बसवली. काय लिहिले ते मी तेव्हा विचारले नाही. परवा विचारले, तर म्हणाले, ‘नाव आन् तारीख. दुसरं काय लिहितेत?’