रॉबिन हूड कुणाचा? मॉरिस कीन यांची गोष्ट



शाळेच्या सुट्टीत मुलांना घेऊन नॉटिंगहॅमला जाऊन आलेली बरीच कुटुंबं आज ऐकत असतील. हिरवी टोपी, लाकडी धनुष्य आणि ‘श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणारा’ रॉबिन हूड घेऊनच मुलं घरी येतात. आज ज्यांच्याविषयी बोलायचंय, त्या मॉरिस कीन यांचं पहिलं पुस्तकही या जंगलातल्या बंडखोरांवरच होतं.

कीन यांचा जन्म १९३३ चा. विंचेस्टरची शाळा, सक्तीची लष्करी सेवा, मग ऑक्सफर्डचं बेलिअल कॉलेज. पुढे १९६१ पासून २००० पर्यंत ते त्याच कॉलेजात मध्ययुगाचा इतिहास शिकवत राहिले. २०१२ मध्ये गेले. बाहेरून पाहिलं तर एका गावात काढलेलं आयुष्य.

ते पहिलं पुस्तक १९६१ मध्ये आलं. रॉबिन हूडची जुनी गाणी म्हणजे इंग्लंडच्या दबलेल्या शेतकऱ्यांचा आवाज, असं तेव्हा तरुण कीन यांनी मांडलं. पटण्यासारखंच होतं. या गाण्यांचा पहिला उल्लेख १३७७ च्या सुमाराचा आणि शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला १३८१ मध्ये. पण जे. सी. होल्ट नावाच्या इतिहासकारांनी हरकत घेतली. म्हणाले, गाणी नीट वाचा. जमीन, खंड, वेठबिगारी या शेतकऱ्यांच्या दुखण्यांबद्दल त्यांत आहे काय? रॉबिन नांगरधाऱ्याला त्रास देऊ नका म्हणतो खरा, पण भल्या सरदारालाही देऊ नका म्हणतो. जुन्या मोठ्या गाण्यात तो ४०० पौंड उसने देतो, ते एका कर्जबाजारी सरदाराला! मॅरियन तिथे नाही, आणि राजाही रिचर्ड नसून एडवर्ड आहे.

दोघांचा वाद छापील नियतकालिकातून झाला. आणि मग, पुस्तकाची पुढची आवृत्ती काढताना, कीन यांनी प्रस्तावनेत सरळ लिहिलं की शेतकऱ्यांच्या असंतोषाशी आपण घातलेली सांगड चुकीची होती. विद्वानांच्या जगात हे फार क्वचित घडतं, हे आपण जाणतोच. मला या माणसाबद्दल आपुलकी वाटते ती इथून.

होल्ट यांचा खरा प्रश्न होता, हे गाणं कुणापुढे म्हटलं जात होतं? (आपल्या पोवाड्यांनाही हा प्रश्न विचारून पाहावा.) पुढे कीन सरदारांकडेच वळले. १९६५ च्या पुस्तकात त्यांनी युद्धाचे कायदे अभ्यासले. पकडलेल्या सरदाराने खंडणीचा शब्द दिला की तो कायद्याने बांधला जाई. शब्द मोडला तर त्याचं कुलचिन्ह उलटं टांगून बेअब्रू करता येई. फ्रान्सचा राजा जॉन १३५६ मध्ये पॉयटिएच्या लढाईत इंग्रजांच्या हाती लागला. सुटका झाली, पण ओलीस ठेवलेला मुलगा पळाला म्हणून राजा स्वतः लंडनला परत आला आणि १३६४ मध्ये इथेच वारला. मात्र या कायद्यांचं छत्र होतं सरदारांच्या डोक्यावर. ज्यांची गावं जळत होती त्यांना त्यातून फारसं काही मिळालं नाही.

१९८४ मध्ये आलेल्या त्यांच्या सरदारी बाण्यावरच्या ग्रंथाला वुल्फसन पारितोषिक मिळालं. उत्तर मध्ययुगात हा बाणा म्हणजे पोकळ थाटमाट उरला होता, असं डच इतिहासकार हाउझिंगा यांचं गाजलेलं मत होतं. कीन यांचं म्हणणं, लोक तो खरोखर जगत होते.

त्याच सुमारास एक गंमत झाली. ‘मॉन्टी पायथन’वाले टेरी जोन्स यांनी १९८० मध्ये पुस्तक लिहून दाखवलं की कवी चॉसरचा आदर्श सरदार हा खरं तर पैशासाठी लढणारा भाडोत्री शिपाई. विनोदी नट म्हणून कीन यांनी ते उडवून लावलं नाही. ते पुराव्याकडे गेले. १३८५ पासून स्क्रोप आणि ग्रोव्हनर या दोन घराण्यांत खटला चालला होता. निळ्या ढालीवर तिरका सोनेरी पट्टा, हे चिन्ह कुणाचं? शेकडो साक्षी झाल्या. खुद्द चॉसरने साक्ष दिली की लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवर ती पाटी टांगलेली पाहून आपण विचारलं, ही स्क्रोपांची का? तर कळलं, ग्रोव्हनरांची.

त्याच साक्षींमधून स्क्रोप घराण्यातली माणसं एकेक करून पुढे येतात. एक जण अलेक्झांड्रियाच्या स्वारीत होता. दुसरा प्रशियाकडच्या मोहिमेत मेला आणि कोनिग्सबर्गच्या चर्चमध्ये त्याला पुरलं. तिथल्या रंगीत काचेच्या खिडकीत तो निळा-सोनेरी पट्टा होता. चॉसरच्या सरदाराच्या वर्णनातही अलेक्झांड्रिया आणि प्रशिया ही नावं येतात.