श्वासावाटे दिली जाणारी भूल : पशुवैद्यकाचा इतिहास आणि कोकणचे हवामान

प्रस्तावना

भूलशास्त्राचा इतिहास सामान्यतः १६ ऑक्टोबर १८४६ या दिवसापासून सांगितला जातो. या दिवशी बोस्टन येथे विल्यम मॉर्टन यांनी ईथरची वाफ देऊन मानवी रुग्णावर वेदनारहित शस्त्रक्रिया करता येते, हे जाहीररीत्या दाखविले. पशुवैद्यकाचा उल्लेख या इतिहासात बहुधा पुरवणीसारखा येतो. वस्तुतः भूलद्रव्यांच्या ज्ञानाची अनेक पावले प्रथम मुक्या प्राण्यांवर पडली व मग ती माणसाच्या उपयोगी आली. या ज्ञानाचा लाभ प्राण्यांना कितपत परत मिळाला, याचा विचार प्रस्तुत लेखात सिंधुदुर्गातील मालवण किनारा डोळ्यांसमोर ठेवून केला आहे.

प्राण्यांवरील आरंभीचे प्रयोग

मॉर्टन यांच्या २२ वर्षे आधी, १८२४ मध्ये, इंग्लंडमधील हेन्री हिल हिकमन यांनी कार्बन डायऑक्साइड हुंगवून प्राण्यांवर शस्त्रक्रिया केल्या होत्या. ती खरी भूल नसून गुदमरण्यातून आलेली बेशुद्धी होती. तथापि श्वासावाटे वेदना थांबविता येईल, हा विचार त्यात स्पष्ट होता. क्लोरोफॉर्मचे श्रेय नोव्हेंबर १८४७ मधील जेम्स सिम्प्सन यांच्या प्रयोगाला दिले जाते. परंतु त्याच वर्षाच्या मार्चमध्ये फ्रान्सच्या फ्लूराँस यांनी त्याचा परिणाम प्राण्यांवर नोंदविला होता.

हैदराबादचा क्लोरोफॉर्म आयोग

आपल्या भूमीशी निगडित प्रकरण हैदराबादचे आहे. मराठवाडा ज्या निजामी राज्यात होता, त्याच्या राजधानीत डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ व १८८९ मध्ये दोन आयोग नेमले गेले. क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो श्वास थांबल्याने की हृदय थांबल्याने, हा वादाचा मुद्दा होता. निजामाच्या आर्थिक साहाय्याने लंडनहून लॉडर ब्रंटन हैदराबादला आले. शेकडो कुत्र्यांवर व अन्य प्राण्यांवर प्रयोग झाले. श्वास आधी थांबतो, तेव्हा श्वासावर लक्ष ठेवल्यास क्लोरोफॉर्म सुरक्षित आहे, असा निष्कर्ष काढण्यात आला.

हा निष्कर्ष अपुरा ठरला. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखविले की, क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना हृदयाच्या जवनिका अनियमितपणे थरथरू लागून अकस्मात मृत्यू येऊ शकतो. एवढ्या प्राण्यांचा बळी देऊनही हैदराबादला हे उमगले नव्हते. प्रयोगांची संख्या मोठी असली म्हणजे निष्कर्ष बिनचूक ठरतोच असे नाही, हा धडा या प्रकरणातून मिळतो.

गुणधर्म व प्रभावक्षमता

भूलद्रव्य जितके स्निग्ध पदार्थात अधिक विरघळते तितके ते प्रभावी असते, हा नियम मायर (१८९९) व ओव्हर्टन (१९०१) यांनी स्वतंत्रपणे मांडला. तथापि दोन द्रव्यांची तुलना करण्यास सर्वमान्य माप नव्हते. १९६३ मध्ये मर्केल व एगर यांनी ते कुत्र्यांवरील अभ्यासातून दिले. वेदनादायक उद्दीपन देऊनही निम्मे प्राणी हालचाल करीत नाहीत, अशा वेळी फुफ्फुसातील वायुकोशांत असणारे द्रव्याचे किमान प्रमाण म्हणजे ‘मॅक’. हा आकडा जितका लहान, तितके द्रव्य प्रभावी. कुत्र्यात हॅलोथेनचा मॅक सुमारे ०.९ टक्के, आयसोफ्ल्युरेनचा १.३, सेव्होफ्ल्युरेनचा २.३ व डेसफ्ल्युरेनचा ७ टक्क्यांच्या आसपास आहे. नायट्रस ऑक्साइडचा मॅक कुत्र्यात सुमारे २०० टक्के भरतो. म्हणजे सामान्य वातावरणीय दाबाखाली केवळ या वायूने कुत्र्याला शस्त्रक्रियेपुरती भूल देणे अशक्य आहे.

प्रभावक्षमता व वेग या मात्र भिन्न गोष्टी होत. रक्तात कमी विरघळणारे द्रव्य लवकर भूल देते व लवकर उतरते. आयसोफ्ल्युरेनचा रक्त-वायू गुणांक सुमारे १.४, तर सेव्होफ्ल्युरेनचा ०.६५ आहे. म्हणूनच सेव्होफ्ल्युरेन तुलनेने दुर्बल असूनही अधिक जलद ठरते.

मालवण किनाऱ्याचा संदर्भ

ईथरचा उत्कलनबिंदू ३४.६ अंश सेल्सिअस आहे. किनाऱ्यावरील एप्रिल-मेचा उन्हाळा जवळजवळ त्याच अंशाला जाऊन भिडतो. अशा हवेत ईथर झपाट्याने उडून जाते, शिवाय ते ज्वालाग्राही आहे. ६१ अंशांना उकळणारे व पेट न घेणारे क्लोरोफॉर्म उष्ण प्रदेशांत सोयीचे वाटले, यात नवल नाही. १९५१ मध्ये सकलिंग यांनी तयार केलेले व १९५६ पासून वापरात आलेले हॅलोथेन हेही न पेटणारे होते. पुढे त्याची जागा बहुतांशी आयसोफ्ल्युरेनने घेतली.

उष्णतेचा प्रश्न मात्र संपलेला नाही. २० अंशांना आयसोफ्ल्युरेनच्या संपृक्त बाष्पाचे प्रमाण सुमारे ३१ टक्के असते, तर ३० अंशांना ते ४८ टक्क्यांपर्यंत जाते. गरज असते ती एक-दोन टक्क्यांची. त्यामुळे कापसावर थेंब टाकून भूल देणे येथे धोक्याचे असून, तापमानानुसार प्रमाण राखणारे बाष्पित्र हाच सुरक्षित मार्ग होय.

गाय, म्हैस व कोकण कन्याळ शेळी यांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. रवंथ करणारे जनावर भूल देऊन आडवे केले की पोटात वायू साठून फुफ्फुसांवर दाब येतो. पोटातील चारा उलटून श्वासनलिकेत जाण्याचेही भय असते. म्हणून लिडोकेनने मणक्यांजवळचे मज्जातंतू बधिर करून उभ्या गाईवर शस्त्रक्रिया करणे ही मागास नव्हे, तर शास्त्रसंमत पद्धती आहे.

समारोप

मुंबईच्या परळ येथे १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, तेव्हापासून महाराष्ट्रात या विषयाच्या शिक्षणाची परंपरा आहे. मॅकचे कोष्टक वर्गात शिकविताना त्यामागील कुत्र्यांचा व हैदराबादच्या चुकीचाही उल्लेख व्हावयास हवा. ज्या प्राण्यांच्या देहावर हे शास्त्र उभे राहिले, त्यांच्यापर्यंत ते योग्य उपकरणासह पोहोचविणे हे शिक्षक, शासन व पशुपालक या सर्वांचे उत्तरदायित्व आहे. वेदना सांगता न येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत ते अधिकच जड आहे.