चार आण्यांचं मत

लोकसभेसाठी मत द्यायला माणसाला अठरा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. सिनेमाबद्दल मत द्यायला अर्ध्या तिकिटाचं वयसुद्धा पुरतं. आमच्या बँकेत दोन सह्यांशिवाय मोठी रक्कम हलत नाही. पण कोट्यवधी रुपयांचा पिक्चर निकालात काढायला एकाही सहीची गरज पडत नाही. शुक्रवारी लागलेला पिक्चर सोमवारी डब्यांबरोबर आमच्या टेबलावर येतो आणि दोन पोळ्या संपायच्या आत त्याचं खातं बंद होतं. शेरे तीनच : 'भंगार आहे', 'एकदा बघायला हरकत नाही' आणि 'पैसा वसूल'. मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे मला तिसरा शेरा सर्वांत शास्त्रीय वाटतो. गुंतवणूक, मुदत आणि परतावा, सगळं त्या दोन शब्दांत आलं!

मतदानाच्या हक्काचा इतिहास शाळेत शिकवतात. पिक्चरबद्दल मत देण्याच्या हक्काचा कुणी शिकवत नाही. वास्तविक आपल्याकडे हा दुसरा हक्क सामान्य माणसाला आधी मिळाला आणि पहिला बराच नंतर. तेव्हा हे काम एका कारकुनानं अंगावर घ्यायला हरकत नसावी. ऑडिटवाले यायच्या आत उरकून टाकू या.

सुरुवात ७ जुलै १८९६ ला झाली. मुंबईत काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. तिकीट एक रुपया. १८९६ सालचा रुपया म्हणजे खणखणीत चांदीचा! तो मोजून बघायचं काय, तर पडद्यावर येणारी आगगाडी. खरी आगगाडी बोरीबंदरला फुकट बघायला मिळत होती. साहजिकच या पहिल्या खेळांबद्दल मत देण्याचा मान साहेबलोकांना आणि चार श्रीमंतांना मिळाला. पण त्याच महिन्यात हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि तिथे दर लागले दोन रुपयांपासून खाली थेट चार आण्यांपर्यंत. आमच्या दृष्टीनं खरा इतिहास इथे सुरू होतो. चार आणे टाकले की माणूस प्रेक्षक झाला, आणि प्रेक्षक झाला की त्याला मत आलं.

हे मत किती कडक असतं याचा अनुभव दादासाहेब फाळक्यांना लगेच आला. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्यात तारामतीचं काम करायला बाई मिळेना, तेव्हा हॉटेलच्या स्वयंपाकघरातून अण्णा साळुंके यांना आणून पातळ नेसवलं. प्रेक्षकांनी ते चालवून घेतलं. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये रामही साळुंके आणि सीताही साळुंकेच, तेही चालवून घेतलं. चालवून घेतलं नाही ते भलतंच. सुरतेला म्हणे लोकांची तक्रार आली, की नाटक दोन आण्यांत सहा तास चालतं आणि तुमचा खेळ दीड तासात खलास! फाळके हे नाशिककडचे असले तरी गिऱ्हाईक ओळखणारे होते. त्यांनी जाहिरात दिली, की सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत! थिएटर भरलं. जगात कलेचं मोजमाप नाना प्रकारांनी झालं असेल, पण दर मैलाला दीड आणा हा हिशेब मला तरी तोंडपाठ करावासा वाटतो.

त्या काळी पडदा मुका होता, प्रेक्षक नव्हता. पडद्यावर मजकुराची पाटी आली की वाचता येणारा एखादा इसम ती मोठ्यानं वाचायचा आणि न येणाऱ्यांना आपल्या पदरची भर घालून अर्थ सांगायचा. म्हणजे पिक्चर चालू असतानाच मतं वाटली जात होती. पुढे १४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला आणि पडद्याला वाचा फुटली. आता दोघांनी एकदम बोलून कसं चालेल? प्रेक्षकाला 'श्श्श' करण्यात आलं. तेव्हापासून तो आपलं सगळं बोलणं साठवून बाहेर आणतो आणि इराण्याच्या हॉटेलात मोकळा होतो.

सरकारनंही एकदा मत विचारलं. १९२७ साली दिवाणबहादूर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. समिती देशभर हिंडली, तिनं ३५३ साक्षीदार तपासले, खुद्द फाळक्यांची साक्ष घेतली. साहेबाच्या मनातून ब्रिटिश साम्राज्यात तयार झालेल्या पिक्चरांना इथे झुकतं माप द्यायचं होतं. १९२८ च्या अहवालात समितीनं ते मान्य केलं नाही. मग व्हायचं तेच झालं. बहुतेक शिफारशी फायलीत राहिल्या. आमच्या बँकेतसुद्धा दर वर्षी कर्मचाऱ्यांकडून सूचना मागवतात, तेव्हा मला दिवाणबहादुरांची फार आठवण येते.

आता १९३७ सालाकडे येतो. या वर्षी दोन घटना घडल्या. सुरुवातीला प्रांतिक निवडणुका झाल्या. मत द्यायचं तर मालमत्ता, कर नाहीतर शिक्षण, असं काहीतरी पदरी लागे. त्यामुळे बहुतेकांची नावं यादीत नव्हतीच. दुसरी घटना म्हणजे प्रभातचा 'कुंकू' आला. ना. ह. आपट्यांची 'न पटणारी गोष्ट' ही कादंबरी, व्ही. शांताराम यांचं दिग्दर्शन. शांता आपट्यांची नीरा म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाते आणि त्याला नवरा मानायला साफ नकार देते. म्हातारा झाले होते केशवराव दाते. याला मात्र मालमत्तेची अट नव्हती. तिकीट काढलं की झालं.

आमचे पणजोबा एका पेढीवर कारकून होते. (कारकुनी आमच्या घराण्यात वतनासारखी चालत आली आहे.) घरात मतदार एकही नव्हता. पणजोबा 'कुंकू' बघायला सगळ्या घराला घेऊन गेले. ही हकीकत आजीनं मला सांगितली. ती तेव्हा दहा वर्षांची होती. घरी परत येताना सगळ्या रस्ताभर पणजोबांचं चालूच होतं. फोटो चांगला, कामं चांगली, पण पोरगी फार उद्धट. नवऱ्याला असं बोलतात का? उद्या घरोघर हेच व्हायचं! मागून चालणारी पणजी गप्प. रात्री पानं वाढली. पणजोबांनी पुन्हा विषय काढला. तेव्हा आमटी वाढता वाढता पणजी म्हणाली, "तिनं काही वावगं केलं नाही."

एवढंच. आजी सांगायची, "कुणी कुणाकडे बघितलं नाही. मामंजींनी आमटी पुढे ओढली आणि जेवायला लागले." मामंजी म्हणजे पणजीचे सासरे. ते पानावर असताना घरातली सून पिक्चरबद्दल बोलली होती! पणजीला तेराव्या वर्षी बिजवराला दिलेली. नवऱ्यात आणि तिच्यात सतरा वर्षांचं अंतर. त्याबद्दल ती जन्मात एक अक्षर बोलली नाही. बोलली ती शांता आपट्यांबद्दल. घरादारादेखत, भर पंगतीत, आणि तिला कुणी गप्प बसवलं नाही, कारण बोलणं चाललं होतं ते नुसतं सिनेमाबद्दल.

पुढे देश स्वतंत्र झाला आणि १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. पणजीनं मत दिलं. कुणाला दिलं ते मात्र तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्याच सुमाराला, १९५२ मध्ये, 'फिल्मफेअर' निघालं आणि त्यानं वाचकांचा कौल घेऊन बक्षिसं ठरवली. २१ मार्च १९५४ ला मेट्रोमध्ये समारंभ झाला. 'दो बीघा जमीन'ला आणि तिच्या दिग्दर्शनासाठी बिमल रॉय यांना, 'दाग'साठी दिलीपकुमारना, 'बैजू बावरा'साठी मीनाकुमारी आणि नौशाद यांना. म्हणजे देशानं आधी सरकार निवडलं आणि मग हिरो. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी हा क्रम उलटा झाला, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

जनतेचं मत नेहमी बरोबर असतं असं मात्र कुणी समजू नये. १९५९ साल घ्या. पुण्याच्या विजयानंदमध्ये 'सांगत्ये ऐका' लागला आणि १३१ आठवडे हललाच नाही. काही भाडेकरू असे असतात. त्याच वर्षी गुरुदत्तचा 'कागज़ के फूल' आला. देशातला पहिला सिनेमास्कोप. लोकांनी तो पाडला. इतका पाडला, की गुरुदत्तनं त्यानंतर दिग्दर्शक म्हणून पडद्यावर आपलं नाव घातलं नाही. पुढे त्याच पिक्चरवर अभ्यासकांनी लेख लिहिले आणि तो बघायला लोक रांगा लावू लागले. 'मेरा नाम जोकर'चंही तसंच. १९७० साली दोन इंटर्व्हल देऊनही लोकांना तो लांब वाटला. आता त्याचं नाव काढलं की तेच लोक डोळे पुसतात. या कोर्टात अपील चालतं, पण निकाल लागेपर्यंत पक्षकार हयात असेलच असं नाही. गुरुदत्त १९६४ मध्ये गेला.

आणि कधी कधी मत तोंडानं दिलंच जात नाही. १५ ऑगस्ट १९७५ ला 'शोले' लागला. धंद्यातल्या जाणकारांनी पहिल्याच आठवड्यात माना हलवल्या. थिएटरात टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत. शेवट बदलून जयला जिवंत ठेवावा काय, इथपर्यंत विचार झाला. तेव्हा वरळीच्या एका थिएटरमालकानं म्हणे सांगितलं, की घाबरू नका, इंटर्व्हलला माझी थंड पेयं आणि आइस्क्रीम खपत नाहीत, माणसं खुर्चीतून उठतच नाहीत! अर्थशास्त्रातला इतका सुंदर सिद्धांत मला बी. कॉम.च्या तीन वर्षांत कुणी शिकवला नाही. 'शोले' मिनर्व्हामध्ये पाच वर्षं चालला. फिल्मफेअरनं त्याला एकच बक्षीस दिलं, संकलनाचं, आणि ते घेतलं एम. एस. शिंदे या आपल्या माणसानं. आमचे वडील हे शेवटचं वाक्य असं सांगत, की संकलनाच्या टेबलावर शिंद्यांच्या शेजारी तेच बसले होते असं वाटावं.

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं होतं. पुढे रविवारी संध्याकाळचा पिक्चर म्हणजे ज्याच्याकडे टीव्ही त्याच्याकडे अख्खी चाळ. तिकीट नाही, त्यामुळे अंधार नाही आणि 'श्श्श'ही नाही. भांडी घासून हात पुसत आलेली बाई आणि खुर्चीत बसलेले घरमालक एकाच पडद्याकडे बघायचे, आणि हिरॉइननं चुकीच्या माणसावर विश्वास टाकला की दोघंही एकदमच "अगं बाई, नको!" म्हणायचे. त्या दोघांचं एकमत होण्याची आठवड्यातली ती एकच वेळ.

आता चार आण्यांचं नाणं चलनातून गेलं. ३० जून २०११ पासून आम्ही ते अधिकृतपणे घेईनासे झालो. मिनर्व्हा पाडलं. मॅजेस्टिकही राहिलं नाही. मतं मात्र महागली नाहीत, उलट मोबाइलवरून इंटर्व्हलच्या आतच फुकट वाटली जातात. पाचपैकी साडेतीन तारे! अर्धा तारा कशाबद्दल ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. असल्या मतांत मला गोडी वाटत नाही. मताला समोर ऐकणारं माणूस लागतं, आणि जमलं तर ते मत देणाऱ्यापेक्षा दोन पायऱ्या वरचं असावं.

२०१६ च्या उन्हाळ्यात 'सैराट' लागला तेव्हाची गोष्ट. सोमवारी डबे उघडले. गाणी झाली, आर्चीची बुलेट झाली. मग शेवटाचा विषय निघाला आणि पोळ्या मोडणारे हात जरा थांबले. आमचे हेडकॅशियर वयानं आणि अधिकारानं मोठे. ते म्हणाले, "वाईट झालं. पण पोरांनी घरच्यांचा विचार करायला हवा होता. चूक पोरांचीच."

आमचा शिपाई पाण्याचे ग्लास ठेवत होता. बँकेत वीस वर्षं काढलेला माणूस. कर्ज कुणाला द्यावं, बदली कुणाची व्हावी, पंखा कुठे लावावा, यांतलं काहीही त्याला कधी कुणी विचारलं नाही. त्याची मोठी मुलगी त्या वर्षी कॉलेजात जायला लागली होती. ग्लास खाली ठेवून तो म्हणाला, "साहेब, सुरी तर भावाच्या हातात होती ना?"

टेबलावर कुणी बोललं नाही. हेडकॅशियरसाहेबांनी लोणच्याची फोड उगाचच बाजूला सारली. शिपाई जग घेऊन पलीकडच्या टेबलाकडे गेला. शाखाधिकाऱ्यांनी घसा खाकरला आणि हल्ली थिएटरात पॉपकॉर्न किती महाग झालंय, यावर आपलं मत दिलं. त्यावर मात्र सगळ्यांचं ताबडतोब एकमत झालं.