धुरावरून अग्नी, रक्तावरून पित्त

'पित्त झालं' हे वाक्य आपल्याकडे घराघरांत ऐकू येतं. कुणाची छाती जळजळते, कुणाच्या अंगावर गांधी उठतात. पण यकृतात रोज तयार होणारं पित्त ही गोष्ट वेगळी. ते किती तयार होतंय हे बाहेरून दिसत नाही. मग कळायचं कसं? आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, त्यामुळे आम्हाला यात थेट प्रमाणशास्त्राचा प्रश्न दिसतो.

थोडा इतिहास पाहू. पित्ताम्लांच्या रचनेवरील संशोधनाला १९२७ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, हाइनरिख वीलांड यांना. गंमत अशी की, त्यांनी मांडलेली रचना चुकीची होती. १९३२ मध्ये, बर्नाल यांच्या क्ष-किरण अभ्यासानंतर ती दुरुस्त झाली. १९४३ मध्ये ब्लॉख, बर्ग आणि रिटेनबर्ग यांनी जड हायड्रोजनची खूण केलेलं कोलेस्टेरॉल कुत्र्याला दिलं, आणि ती खूण पित्तातल्या कोलिक आम्लात सापडली. म्हणजे पित्ताम्लं कोलेस्टेरॉलपासून बनतात, हे सिद्ध झालं.

पण किती बनतात? इथे अडचण आहे. आतड्यात उतरलेली सुमारे ९५ टक्के पित्ताम्लं पुन्हा शोषली जाऊन यकृताकडे परत येतात. बागेतल्या कारंज्यात तेच पाणी फिरत असतं ना, तसंच. कारंजं पाहून नळातून नवं पाणी किती येतंय हे सांगता येत नाही. म्हणून रक्तातली पित्ताम्लं मोजून उत्पादन कळत नाही. त्यासाठी एक तर दिवसचे दिवस मल गोळा करायचा, नाही तर यकृताचा तुकडा काढून तपासायचा. रुग्णाला दोन्ही नकोसंच!

वाट सापडली स्वीडनमध्ये. कोलेस्टेरॉलचं पित्ताम्ल होताना पहिल्या पायरीवर एक विकर काम करतं, आणि सगळा वेग तेच ठरवतं. त्या पायरीनंतर लगेच बनणारा एक मधला पदार्थ थोडासा रक्तात झिरपतो. त्याला थोडक्यात 'सी-फोर' म्हणतात. सुताराच्या दुकानाबाहेर पडलेला भुसा पाहून आत किती काम चाललंय ते ओळखावं, तसं हे. १९९१ मध्ये अॅक्सेलसन, ब्यॉर्केम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की, रक्तातलं सी-फोरचं प्रमाण यकृतातल्या त्या विकराच्या कामाशी जुळतं.

आता नैयायिक लगेच विचारतील, या व्याप्तीत काही उपाधी दडलेली नाही ना? आहे. सी-फोर दिवसभरात चढतो-उतरतो, म्हणून रक्त सकाळी उपाशीपोटी घ्यावं लागतं. पित्ताम्लं बांधून ठेवणारं औषध चालू असेल, तरी तो वाढतो. यकृतच आजारी असेल, तर आकड्याचा अर्थ बदलतो. आकडा खोटा नसतो हो, पण तो एकटा बोलत नाही.

आणि यात माणसाचं काय अडलेलं असतं? वर्षानुवर्षं जुलाबांनी बेजार झालेल्या कित्येकांना 'हे मनाचं आहे' असं ऐकावं लागतं. त्यांतल्या काहींच्या आतड्यात पित्ताम्लं जास्त उतरत असतात. २००९ मध्ये लंडनच्या वॉल्टर्स आणि सहकाऱ्यांनी मांडलं की, अशा रुग्णांत आतड्याकडून यकृताला 'आता पुरे' असं सांगणारा संप्रेरक, एफजीएफ-१९, कमी असतो. यकृताला निरोपच पोचत नाही, ते बनवत राहतं, आणि रक्तात सी-फोर वाढतो.

धूर दिसला म्हणून डोंगरावर अग्नी मानायचा, तर तो धूरच आहे, धुकं नाही, एवढी खात्री करून घ्यावी. आणि खरोखर धूर दिसत असताना 'तिथे काही नाही' असं मात्र कुणाला सांगू नये.