‘कॉरिडॉर’ या शब्दाचा अर्थविस्तार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

शब्दाचा इतिहास हा पुष्कळदा समाजव्यवस्थेचाही इतिहास असतो. ‘कॉरिडॉर’ हा इंग्रजी शब्द मराठीत चांगलाच रुळला आहे. रुग्णालयाचा कॉरिडॉर, औद्योगिक कॉरिडॉर आणि वन्यजीव कॉरिडॉर या वस्तुतः तीन भिन्न गोष्टी आहेत. तरीही त्यांना एकच नाव कसे मिळाले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत निबंधात या शब्दाच्या अर्थविस्ताराचा आढावा घेतला आहे. कॉरिडॉर हा केवळ मार्ग नसून कोणाच्या जाण्या-येण्याला अग्रक्रम द्यावयाचा याविषयीचा निर्णय असतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

व्युत्पत्ती आणि वास्तुरचना

‘धावणे’ या अर्थाच्या लॅटिन ‘कुर्रेरे’ या धातूपासून इटालियन शब्द सिद्ध झाला आणि फ्रेंचमार्गे तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला. आरंभी त्याचा संबंध निवासी घराशी नव्हे, तर तटबंदीशी होता.

इ.स. १५६५ मध्ये फ्लॉरेन्सचा ड्यूक पहिला कोसिमो याच्यासाठी जॉर्जो व्हासारी याने बांधलेला सुमारे एक किलोमीटर लांबीचा उन्नत मार्ग हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. पलात्झो व्हेक्क्यो या राजवाड्यापासून नदीपलीकडील पित्ती प्रासादापर्यंत जाताना राज्यकर्त्याला रस्त्यावर उतरावे लागू नये, हा त्यामागील हेतू होता. हा मार्ग ज्या पुलावरून जातो, तेथील खाटकांना १५९३ मध्ये हटवून त्यांच्या जागी सोनारांना आणण्यात आले. मानेल्ली घराण्याने मात्र आपला मनोरा पाडू देण्यास नकार दिल्यामुळे त्या ठिकाणी मार्गालाच वळसा घ्यावा लागला. वरून जाणाऱ्याची सोय आणि खाली राहणाऱ्याचा हक्क यांतील संघर्ष असा आरंभापासूनच दिसतो.

सतराव्या शतकात रॉजर प्रॅट याने इंग्लंडमधील कोल्सहिल येथे बांधलेल्या वाड्यात प्रत्येक मजल्याच्या मध्यातून कॉरिडॉर काढला होता. त्यामुळे एका खोलीतून दुसरीत जाण्याची गरज उरली नाही. नोकरांचे येणे-जाणे मालकांच्या दृष्टीआड ठेवण्यासाठी त्याने मागील जिन्यांचीही योजना केली. मराठी घरातील ओसरीशी याची तुलना उद्बोधक ठरते. ओसरीवर माणूस टेकतो, बोलतो, प्रसंगी मुक्कामही करतो. म्हणूनच ओसरी मिळताच पाय पसरणाऱ्याची म्हण मराठीत रूढ झाली. कॉरिडॉरमध्ये मात्र थांबणे अपेक्षितच नसते.

राजकीय अर्थ

पहिल्या महायुद्धानंतर हा शब्द नकाशावर आला. १९१९ च्या व्हर्सायच्या तहान्वये पोलंडला समुद्रापर्यंत पोहोचण्यासाठी जो प्रदेश मिळाला, तो ‘पोलिश कॉरिडॉर’ म्हणून ओळखला गेला. या नावामुळे पूर्व प्रशिया उर्वरित जर्मनीपासून तुटला, ही एकच बाजू ठळक झाली. पोलंडच्या दृष्टीने मात्र तो पोमोझे हा प्रांत होता व तेथे पोलिश आणि काशुबियन भाषकांची मोठी वस्ती होती. वस्तीच्या प्रदेशाला ‘जाण्याची वाट’ म्हटले की तेथील माणसे गौण ठरतात. पुढे जर्मनीने याच प्रदेशातून स्वतःच्या अधिकाराखालील रस्ता व लोहमार्ग मागितला आणि १ सप्टेंबर १९३९ रोजी पोलंडवर आक्रमण केले. या आक्रमणाची कारणे अनेक होती. तथापि त्याच्या समर्थनार्थ झालेल्या प्रचारात या शब्दाचा मोठा वाटा होता.

याउलट तीन बिघा कॉरिडॉरचे उदाहरण आहे. दहाग्राम-अंगरपोता ही बांगलादेशी वस्ती चहूबाजूंनी भारतीय भूमीने वेढलेली होती. १९७४ चा करार होऊनही तेथील रहिवाशांसाठी हा लहानसा भूभाग २६ जून १९९२ रोजी खुला झाला, तोही दिवसाच्या ठरावीक तासांपुरता. चोवीस तास ये-जा करण्याची मुभा २०११ मध्ये मिळाली. रात्री रुग्णाला दवाखान्यात नेता येईल की नाही, हे तोवर कॉरिडॉरच्या वेळापत्रकावर अवलंबून होते.

समकालीन उपयोग

दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमध्ये महाराष्ट्रातील शेंद्रा-बिडकीन क्षेत्राचा समावेश आहे. येथे कॉरिडॉर म्हणजे केवळ वाट नसून शेतजमिनी संपादित करून उभारलेले विस्तीर्ण क्षेत्र होय. तरीही नाव मात्र जाण्या-येण्याचेच राहिले आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पालगतच्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर हा अग्रक्रम अंशतः उलटलेला दिसतो. तेथे वन्यप्राण्यांसाठी रस्ता उचलून घेण्यात आला आणि त्याखालून वाघांची ये-जा नोंदविली गेली. व्हासारीच्या मार्गावर राज्यकर्ता वरून जात होता व जनता खाली होती; पेंचमध्ये ज्याच्यासाठी वाट राखली आहे, तो खालून जातो.

निष्कर्ष

तटबंदी, वाडा, राष्ट्रसीमा, उद्योग आणि अरण्य असा या शब्दाचा सुमारे चार शतकांचा प्रवास आहे. या सर्व अर्थांत दोन टोके महत्त्वाची ठरतात आणि मधला भाग दुर्लक्षित राहतो. ‘मार्गिका’, ‘पट्टा’, ‘भ्रमणमार्ग’ असे मराठी पर्याय योजताना केवळ भाषाशुद्धीचा विचार पुरेसा नाही. ‘पट्टा’ म्हटले की जमीन दिसते, ‘मार्गिका’ म्हटले की वाहन दिसते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र कोणताही शब्द वापरला तरी, या वाटेच्या मधोमध कोण राहते, हा प्रश्न प्रथम विचारणे अगत्याचे आहे.