लिंगोचे गाणे आणि वहीचे पान

माघ पौर्णिमेच्या सुमारास दरेकसा स्थानकावर उतरलो, तेव्हा माझ्या झोळीत एक दोनशेपानी वही होती. नागपूर-हावडा मार्गावरचे हे लहानसे स्थानक गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेजवळ आहे. एरवी शांत असणाऱ्या या फलाटावर त्या दिवसांत पिवळे फेटे आणि पिवळे झेंडे दिसतात. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून आलेले गोंड भाविक इथून धनेगावकडे आणि तिथून डोंगरातल्या कचारगडच्या गुहेकडे निघतात.

चढणीवर एका झाडाखाली एक म्हातारे गृहस्थ गुणगुणत बसले होते. शेजारचा तरुण शाळकरी वहीत काहीतरी उतरून घेत होता. मोबाइल त्याच्या खिशात होता. न राहवून मी विचारले, "रेकॉर्ड का नाही करत?"

"रेकॉर्ड त केलाच आहे काका," तो म्हणाला. "पन लिवताना आजा थांबते. थांबला का ईचारता येते."

मी कागदाच्या वहीबद्दल पुष्कळ वाचले आहे, पण इतके नेमके उत्तर कुठे वाचल्याचे आठवत नाही. त्याला ठाऊक असेल-नसेल, पण तो करत होता तेच काम दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी नागपुरात एका परदेशी माणसाने केले होते, आणि गाणेही याच डोंगराच्या परंपरेतले होते.

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरास आला. त्याच्या स्मरणार्थ नाव दिलेले हिस्लॉप महाविद्यालय आपल्याला माहीत असते. तो खडकांचा आणि जीवाश्मांचा अभ्यासक होता, हेही काहींना ठाऊक असते. पण गोंडांच्या इतिहासात त्याची जागा आहे ती त्याच्या लिखित कागदांमुळे. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. बाना हे तंतुवाद्य वाजवीत ते वंशावळी आणि देवकथा गातात. नागपूरच्या एका परधानाकडून हिस्लॉपने लिंगोची कथा गोंडीतच, रोमन अक्षरांत उतरून घेतली.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळच्या फुगलेल्या नाल्यात बुडून हिस्लॉपचा मृत्यू झाला. मागे उरले ते कागद. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी ते संपादित केले आणि १८६६ साली ग्रंथरूपाने छापले. पुढे फोर्साइथने १८७१ च्या आपल्या पुस्तकात ही कथा इंग्रजी पद्यात सांगितली. १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथात तिचा सारांश दिला. एका गायकाचा आवाज कागदावर उतरला नसता, तर ही साखळी सुरूच झाली नसती.

त्या छापील गाण्यात महादेव गोंडांना हिमालयातल्या धवलगिरीच्या गुहेत कोंडतो आणि तोंडावर सोळा हात लांबीची शिळा ठेवतो. चौघे निसटतात आणि लाल डोंगरातल्या काचीकोपा लोहागडात, म्हणजे लोखंडाच्या खोऱ्यात, आश्रय घेतात. कचारगडच्या वाटेवर ऐकू येते ती कथा वेगळी आहे. कोंडलेल्यांची गुहा हीच, आणि काचीकोपा लोहागडही हेच. यातले खरे कोणते, हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. महत्त्वाचे हे की कथा चालत राहिली आणि कागद जागच्या जागी राहिला. म्हणून तर ती किती चालली, हे आपल्याला मोजता येते.

पण कागदाचा अन्यायही सांगायला हवा. १८६६ च्या ग्रंथाच्या शीर्षकपृष्ठावर हिस्लॉपचे नाव आहे, टेंपलचे आहे, परधानाचे नाही. चाल गेली, बान्याचा सूर गेला. वही ज्याच्या हाती, गाणे त्याच्या नावे, असा तो व्यवहार होता.

हा व्यवहार बदलण्याचे प्रयत्न याच परिसरात झाले. १९३२ पासून मंडला जिल्ह्यातल्या करंजिया गावी व्हेरिअर एल्विन आणि शामराव हिवाळे राहिले. एल्विनची तिथली रोजनिशी १९३६ साली पुस्तकरूपाने आली. हिवाळ्यांनी मात्र लक्ष केंद्रित केले ते गायकांवरच. नर्मदाखोऱ्यातील परधानांवरचा त्यांचा ग्रंथ १९४६ चा. त्याआधी १९१८ साली दरेकशाच्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंग मसाराम यांनी गोंडीसाठी स्वतंत्र लिपी रचली. तिकडे आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाला गावी तर आणखी एका गोंडी लिपीतली जुनी हस्तलिखिते सापडली. आज या दोन्ही लिपी युनिकोडमध्ये आहेत, म्हणजे संगणकावर आणि मोबाइलवर लिहिता येतात. गुंजालाच्या लिपीला तिथपर्यंत पोचवणारी पाने मात्र गावातच जपली गेली होती.

आपल्याकडे दिवाळीत लक्ष्मीपूजनाला वहीपूजन होते. नव्या चोपडीवर हळदकुंकू वाहताना आपण हिशेबाची पूजा करतो. पण वहीत हिशेबाखेरीजही पुष्कळ असते. आजीच्या ओव्या असतात, आजोबांनी टिपलेले पावसाचे दिवस असतात, भजनांचे बाड असते. घर आवरताना पहिल्यांदा रद्दीत जाते ते हेच. त्या कागदांना आपण इतिहास समजत नाही, कारण लिहिणारा आपल्याच घरातला असतो.

उतरताना मी त्या तरुणाची वही मागून पाहिली. देवनागरीत गोंडी ओळी होत्या. समासात बाण काढून आजोबांनी सांगितलेले शब्दांचे अर्थ लिहिले होते, दोन ठिकाणी खोडून पुन्हा लिहिले होते. पहिल्या पानावर वर आजोबांचे नाव होते आणि त्याखाली, लहान अक्षरांत, 'लिहून घेणारा' म्हणून त्याचे स्वतःचे.

संध्याकाळी दरेकशाच्या फलाटावर गाडीची वाट पाहत मी माझी वही उघडली. दिवसभरात भेटलेल्या माणसांची नावे मी त्यात लिहिलीच नव्हती. आठवतील तितकी आधी ती लिहून काढली.